तुम्ही विचारलंत म्हणून: ती गाडी मुद्दाम उभी करतात का?

इथे न्यूजर्सीत मंडळाच्या गणपतीत भेटणारे लोक, ऑफिसातले, तिकडे साताऱ्याहून मावसभाऊ, सगळे मला अधूनमधून ड्रॅग रेसिंगचा, म्हणजे सरळ छोट्या ट्रॅकवर दोन गाड्यांच्या शर्यतीचा, तसलाच एखादा व्हिडिओ पाठवतात. लांबलचक सुईसारखी रेसकार सुसाट सुटते, अर्ध्या वाटेत तिचं नाक वर जातं, पुढची चाकं हवेत, आणि पब्लिक वेडं झालेलं. खाली प्रश्न ठरलेला: "अरे हे मुद्दाम करतात का? स्टंट असतो का?"

नाही. नायट्रोमध्ये, म्हणजे नायट्रोमिथेन नावाच्या इंधनावर पळणाऱ्या ह्या गाड्यांमध्ये, कुणीही मुद्दाम करत नाही. लोकांना खूश करायला गाडी उभी करून चालवणारे शोवाले वेगळे असतात, त्यांच्या गाड्याच तशा बांधलेल्या असतात. टॉप फ्युएल ड्रॅगस्टर (ती लांब सुईसारखी) किंवा फनी कार (तिची साध्या कारसारख्या दिसणाऱ्या बॉडीची बहीण) ताशी 250 मैलांच्या वेगात नाक वर करते तेव्हा ती रेस बहुतेक हातची गेलेली असते, आणि आत बसलेल्या माणसाला समोर ट्रॅकच दिसत नसतो.

आधी मशीन काय आहे ते सांगतो, त्याशिवाय कळणार नाही. इंजिन 500 क्युबिक इंचाचं, म्हणजे साधारण 8.2 लिटर, वर इंजिनात जोराने हवा कोंबणारा सुपरचार्जर, आणि ताकद 11 हजार हॉर्सपॉवरच्या आसपास. इंधन पेट्रोल नाही, सुमारे 90 टक्के नायट्रोमिथेन आणि बाकी मिथेनॉल. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे पेट्रोल जाळायला जिथे एका भागाला 14-15 भाग हवा लागते तिथे ह्याला दोनपेक्षाही कमी पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन कोंबता येतं. त्या जोरावर गाडी 1000 फूट पावणेचार सेकंदांच्या आत संपवते आणि शेवटी वेग 330 मैलांच्या वर, म्हणजे ताशी 530 किलोमीटरच्या पुढे. पूर्वी पाव मैल, म्हणजे 1320 फूट पळायचे. 2008 च्या जूनमध्ये ह्याच आमच्या न्यूजर्सीतल्या इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर स्कॉट कलिटा हा ड्रायव्हर अपघातात गेला, आणि त्यानंतर अंतर कमी केलं ते आजतागायत तसंच आहे.

आता नाक का वर जातं. मागची टायर जमिनीला मागे रेटतात, जमीन गाडीला पुढे रेटते, पण हा रेटा लागतो जमिनीच्या पातळीवर आणि गाडीचं वजन असतं त्याच्या वर, त्यामुळे अख्खी गाडी मागच्या आसाभोवती वर फिरायला बघते. मागे जास्त माल भरलेली बैलगाडी उलार होते तशीच ही दिसते, फक्त इथे काम मालाचं नाही, रेट्याचं आहे. म्हणून तर ड्रॅगस्टर 25 फूट लांब करतात, नाकावर पंख लावतात, आणि मागे छोट्या चाकांची विली बार असते, म्हणजे गाडी फार उभी राहू नये म्हणून लावलेला दांडा. स्टार्टला पुढची चाकं थोडी उचलली गेली तर कुणी घाबरत नाही, ते अपेक्षितच असतं.

खरा धोका मधल्या टप्प्यात. ह्या गाड्यांना गिअर बदलणं नाही, सगळा खेळ क्लचवर. सुरुवातीला क्लच मुद्दाम घसरू देतात, नाहीतर एवढी ताकद एकदम टायरवर आली तर टायर जागेवरच फिरत बसतील. मग टायमरने क्लच टप्प्याटप्प्याने दाबला जातो आणि अर्ध्या ट्रॅकच्या आसपास तो पूर्ण लॉक होतो. म्हणजे गाडी ऑलरेडी 280 मैलांच्या वर असताना इंजिनाची सगळी ताकद थेट चाकांवर. त्यात मागचा तो उंच पंख, तो टायरना खाली दाबतो हे बरोबर, पण तो एवढ्या उंचावर हवा अडवतो की त्यामुळे गाडीचा वरचा भाग मागे खेचला जातो, नाक अजून हलकं होतं. ट्रॅक चांगला असेल, पकड अपेक्षेपेक्षा जास्त मिळाली, क्रू चीफने, म्हणजे गाडी लावणाऱ्या टीमच्या प्रमुखाने, क्लच जरा जास्त आक्रमक लावला असेल, की नाक उठलं. आणि एकदा उठलं की पोटाखाली हवा शिरते, नाकावरचा जो पंख आत्तापर्यंत खाली दाबत होता त्याचाच कोन उलटतो आणि तो वर उचलायला लागतो. इथून पुढे विचार करायला वेळ नसतो, त्या वेगात गाडी सेकंदाला 400 फुटांच्या वर जात असते.

ह्या प्रकाराची सगळ्यात गाजलेली घटना माझ्या घरापासून फार लांब नाही घडली. 1986 चा समर, इंग्लिशटाउनचं रेसवे पार्क, समरनॅशनल्स नावाची स्पर्धा. ड्रायव्हर डॉन गार्लिट्स, फ्लोरिडाचा, 'बिग डॅडी' म्हणतात त्याला. तो त्याची नवीन स्वॉम्प रॅट 30 घेऊन आला होता, गुळगुळीत निमुळतं नाक, ड्रायव्हरवर झाकण असलेलं बंद कॉकपिट, त्याच वर्षी गेन्सव्हिलला त्याने तिच्यात 272 मैलांच्या वर वेग काढून 270 ची भिंत पहिल्यांदा फोडली होती. तर ह्या गाडीने इंग्लिशटाउनला नाक वर केलं ते थांबलंच नाही, गाडी जवळजवळ सरळ उभी राहिली, मागच्या चाकांवर तिने गिरकी घेतली, आणि चाकांवरच खाली आली, पण तोंड स्टार्ट लाइनकडे. जिथून निघाली त्याच दिशेने परत घरंगळायला लागली! गार्लिट्सला काही झालं नाही. त्याचं फुटेज मी किती वेळा बघितलंय, अजूनही छातीत धस्स होतं.

ह्याच गार्लिट्सची अजून एक गोष्ट माहीत असायला हवी. 1970 मध्ये कॅलिफोर्नियात लायन्सच्या ट्रॅकवर त्याच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं आणि उजव्या पावलाचा काही भाग गेला. तेव्हा इंजिन ड्रायव्हरच्या पुढे असायचं. हॉस्पिटलातून बाहेर येऊन त्याने इंजिन पाठीमागे नेलं आणि 1971 मध्ये ती गाडी जिंकायला लागली, मग सगळ्यांनी तेच केलं. आज दिसतो तो ड्रॅगस्टर, पुढे माणूस आणि मागे इंजिन, त्याचीच देणगी. कितीतरी ड्रायव्हर त्यामुळे वाचले. पण मागे सगळं वजन आणि पुढे लांब हलकं नाक, हा उलटायचा प्रश्न त्याबरोबरच वाढला असं मला वाटतं. वेग वाढत गेले तसं ते दिसलंच: 1987 मध्ये स्पोकेनला गार्लिट्सची पुढची गाडी पण उलटली, आणि 1989 मध्ये पोमोनाला एडी हिलची, ज्याने आदल्याच वर्षी पाव मैल पाच सेकंदांच्या आत पहिल्यांदा काढला होता. स्वॉम्प रॅट 30 आता स्मिथसोनियन म्युझियमकडे आहे.

ड्रायव्हर काय करतो हा पण प्रश्न येतो. थ्रॉटलवरून (ॲक्सिलरेटरवरून) पाय उचलतो, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं, पण नाक उंचावर असताना थ्रॉटल एकदम सोडला की ते धाडकन खाली आपटतं, चासी वाकते, कधीकधी मोडते. शिवाय ते वर वळलेले एक्झॉस्ट पाइप दिसतात ना, ज्यातून ज्वाळा निघतात, ते गाडीला शेकडो पौंडांनी खाली दाबत असतात, पाय उचलला की तो दाबही गेला. उशिरा सोडला तर पाठीवर. म्हणजे नाक कधी 'जरा हलकं' आहे आणि कधी 'आता जातंय', हे पार्श्वभागाला आणि पाठीला कळलं पाहिजे, कारण डोळ्यांसमोर नुसतं आकाश. मला ह्या खेळात सगळ्यात मोठी हिंमत तीच वाटते, शेजारच्या लेनमधला पुढे निघून जातोय हे ऐकू येत असताना पाय उचलणं. रीलवाले ती वर गेलेली गाडी स्लो मोशनमध्ये दाखवतात आणि पाय उचलला तो क्षण कापून टाकतात, ह्याचा मला खरंच राग येतो.

बघायचंच असेल तर प्रत्यक्ष बघा. रेसवे पार्कमधलं ड्रॅग रेसिंग 2018 मध्ये बंद झालं, ते दुःख आम्हा एडिसनकरांना अजून आहे, पण पेनसिल्व्हेनियात रेडिंगजवळ मेपल ग्रोव्ह आहे, गाडीने दोनेक तासांत पोचता. एनएचआरए, म्हणजे इथली ड्रॅग रेसिंगची संघटना, तिच्या स्पर्धेच्या तिकिटावर पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करतात तिथे, जाता येतं, ते चुकवू नका. रन संपवून गाडी आली की टीमची पोरं तिच्यावर तुटून पडतात, काही मिनिटांत इंजिन उघडं, एक जण क्लचच्या चकत्या बाहेर काढतो, उष्णतेने निळ्या-काळ्या पडलेल्या, प्रत्येक चकती मायक्रोमीटरने मोजतो आणि आकडा वहीत लिहितो. पुढच्या रनला नाक किती उचलणार ते बरंचसं त्या आकड्यांवर ठरतं. मग इंजिन सुरू करतील तेव्हा नायट्रोचा वास थेट डोळ्यात जातो, सगळे रडत असतात आणि कुणी हलत नाही.

स्टार्ट लाइनजवळ गर्दी करू नका, थोडं पुढे जाऊन बसा, 300 फुटांच्या आसपास, आणि नजर ज्वाळांवर न ठेवता पुढच्या बारीक चाकांवर ठेवा. चांगल्या लावलेल्या गाडीची चाकं तिथे जमिनीला जेमतेम शिवत जातात, इंचभर वर, परत टेकली, परत इंचभर. आणि पोरांना नेणार असाल तर कानातले बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही घ्या, नुसत्या बोळ्यांनी भागत नाही.