आयआरसीवर आयपी झाकण्याची नोंद: क्लोक, एसएएसएल आणि उरलेल्या फटी

आयआरसी या जुन्या मजकूर-चॅट पद्धतीसाठी टीएलएस (जोडणीतील मजकूर कूटबद्ध करणारी पद्धत) सुरू करून 6667 ऐवजी 6697 पोर्टवरून जोडणी घेण्याचे काम आधीच पूर्ण झाले आहे. त्यामुळे माझ्यापासून सर्व्हरपर्यंत जाणारा मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही; आयपी पत्त्याला मात्र त्याचा काहीच आडोसा मिळत नाही, कारण टोपणनावासोबत होस्ट (वापरकर्त्याचा आयपी किंवा त्यावरून आलेले नाव) दाखवणे ही आयआरसीची जुनीच रीत आहे. म्हणून या टप्प्यात एक दुसरा क्लायंट, लॉगिन न केलेल्या वेगळ्या टोपणनावाने, चाचणीच्या चॅनलमध्ये निरीक्षक म्हणून बसवला आणि त्याला माझ्याविषयी काय काय दिसते, एवढेच तपासत गेलो.

क्लोकचे, म्हणजे खऱ्या होस्टच्या जागी दाखवल्या जाणाऱ्या पर्यायी होस्टचे, दोन प्रकार वेगळे धरावे लागतात. युनरियलआयआरसीडीसारख्या सर्व्हरवर +एक्स मोड (क्लोक चालू करणारी सेटिंग) लावला की आयपीचे हॅश (मूळ पत्ता लपवणारी सांकेतिक रूपे) सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या वापरून तुकड्यातुकड्यांनी तयार होतात. एकाच पट्ट्यातील पत्त्यांचे शेवटचे तुकडे त्यामुळे सारखे येतात आणि चॅनलचालकांना संपूर्ण पट्ट्यावर बंदी घालता येते. अंडरनेट या आयआरसी नेटवर्कवर मात्र खात्यात लॉगिन करून हाच मोड लावल्यावर होस्टच्या जागी खात्याचे नाव येते. त्यात आयपीचा अंशही नसतो, पण सर्व हालचाली एका खात्याशी बांधल्या जातात. मला हा सौदा मान्य आहे. प्रत्येकाला असेलच असे नाही.

खरी मेख क्रमात आहे. जोडणी झाल्यावर निकसर्व्हला (टोपणनावांची खाती सांभाळणाऱ्या सेवेला) पासवर्ड पाठवण्याची व्यवस्था ठेवली, तर क्लायंट अनेकदा त्याआधीच चॅनलमध्ये शिरतो, मूळ होस्ट प्रवेशाच्या ओळीत उमटतो आणि उपस्थितांच्या लॉगमध्ये कायमचा राहतो. नंतर चढवलेला क्लोक तो पुसू शकत नाही. एसएएसएल या लॉगिन पद्धतीत ओळख पटवणे जोडणी पूर्ण होण्यापूर्वीच उरकते. लिबेरा चॅट या नेटवर्कवर एसएएसएल लावल्यानंतर निरीक्षकाला प्रवेशाच्या ओळीत थेट क्लोकच दिसला. एसएएसएल अयशस्वी झाल्यास जोडणीच तोडावी, अशी सेटिंग क्लायंटमध्ये असल्यास ती अवश्य चालू करावी.

वेबवरून चॅट करणाऱ्यांनी आयडेंटकडेही (होस्टच्या आधी दिसणाऱ्या वापरकर्ता-नावाकडेही) पाहावे. काही गेटवे वापरकर्त्याचा आयपी षोडशमान अंकांत आयडेंटच्या जागी लिहितात: 192.0.2.10 हा नमुना पत्ता तेथे सी000020ए असा दिसतो, आणि तो उलगडायला कोणतेही साधन लागत नाही. डीसीसीचेही (दोन वापरकर्त्यांमधील थेट जोडणीचेही) तसेच आहे. फाइल पाठवताना क्लायंट स्वतःचा पत्ता 3221225994 अशा एकाच दशमान संख्येत समोरच्याला कळवतो आणि पुढची जोडणी सर्व्हरला वगळून थेट होते, त्यामुळे क्लोक तेथे निरुपयोगी ठरतो. मी डीसीसी पूर्ण बंद केले आहे. दुव्यांचे पूर्वदृश्यही बंद केले, कारण चित्र आपोआप उघडताना त्या संकेतस्थळाच्या मालकाला आपला आयपी मिळतो. सीटीसीपीच्या (क्लायंटकडून आपोआप उत्तर मिळवणाऱ्या विनंत्यांच्या) वेळ आणि आवृत्ती विचारणाऱ्या संदेशांना आता उत्तर जात नाही.

सध्या झेडएनसी हा बाउन्सर (माझ्या वतीने आयआरसीशी जोडलेला राहणारा मध्यस्थ) भाड्याच्या सर्व्हरवर चालवत आहे. आयआरसी नेटवर्कच्या चालकांना क्लोकमागचा मूळ पत्ता दिसतोच, तो आता घरच्या जोडणीचा न राहता त्या सर्व्हरचा दिसतो. यानंतर लिबेरा चॅटच्या ओनियन पत्त्यावरून टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्याद्वारे जोडणी घेऊन पाहायची आहे. तेथे एसएएसएल सक्तीचे असल्याने त्याची तयारी झालेलीच आहे. क्लायंटची डीएनएस (नावावरून आयपी शोधण्याची) विचारणा प्रॉक्सीबाहेरून जाते का, हे त्याच वेळी तपासेन.