सलाईन वाढवू की थांबवू? लेप्टोच्या पेशंटचा माझा अनुभव

भातलावणी सुरू झाली की सिंधुदुर्गात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा जंतुसंसर्ग) पेशंट यायला लागतात. मी भूलतज्ज्ञ, पण इकडे भूल देणाऱ्यालाच आयसीयूही बघावा लागतो. हा पेशंट शेतकरी, चाळिशीचा. डोळे पिवळे, लघवी जवळजवळ बंद, थुंकीत रक्त. व्हेंटिलेटरवर घेतला होता. दोन लिटर सलाईन जाऊनही बीपी ८४/४०. लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव होतो, त्यात जादा पाणी गेलं की संपलंच. आणि कमी पडलं तर उरलीसुरली किडनीही जाते.

म्हणजे प्रश्न प्रीलोडचा: आकुंचनाआधी हृदयाचा स्नायू किती ताणलाय? हा ताण थेट मोजताच येत नाही. मानेतल्या लाइनला पाण्याचा मॅनोमीटर लावून सीव्हीपी, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब, घेतलं, १२ सेंमी. पट्टीचं शून्य चौथ्या फासळीखालच्या फटीच्या पातळीत, छातीच्या पुढच्या-मागच्या बाजूंच्या मधोमध धरलं नाही तर हेच १२ सहज १६ होतं. त्यात व्हेंटिलेटरवर पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात ठेवलेला दाब) १०, त्यानेही सीव्हीपी फुगतं. पॉल मारिक यांच्या २००८च्या आढाव्याने सीव्हीपीवरून सलाईन लागू पडेल की नाही हे कळत नाही असं दाखवलं, तरी राउंडला पहिला प्रश्न ‘सीव्हीपी किती?’ हाच.

आर्टरी लाइनवर पल्स प्रेशर व्हेरिएशन, म्हणजे श्वासागणिक नाडीच्या दाबात होणारा फरक, ७ टक्के होतं. पण त्याचा १३ टक्क्यांच्या आसपासचा निकष (त्यावर गेलं तर सलाईन लागू पडेल) धरायला व्हेंटिलेटरचा श्वास वजनाच्या किलोमागे निदान ८ मिली लागतो आणि पेशंटने स्वतः श्वास ओढता कामा नये. आम्ही फुप्फुसं जपायला ६ मिली देत होतो. तो आकडा बाद.

उरलं पाय उचलणं. यात पायांतलं नि पोटातलं मिळून साधारण ३०० मिली रक्त हृदयाकडे येतं, आणि नको वाटलं तर पाय खाली केले की परत जातं. आमचे बेड हँडलचे, पाठ खाली करताना कुरकुरतात. आधी पाठ ४५ अंशांवर ठेवून इकोवर महाधमनीच्या तोंडाशी व्हीटीआय (हृदय एका ठोक्यात किती रक्त बाहेर टाकतं याचा अंदाज देणारा आकडा) घेतला, १८ सेंमी. मग वॉर्डातल्या मामांनी हँडल फिरवून पाठ सपाट केली, सिस्टरनी टाचा धरून पाय उचलले, आणि मी मिनिटभर प्रोब हलू दिला नाही. हेच खरं अवघड, कारण छाती जरा सरकली की डॉपलरची रेघ बिघडते. आकडा १८.५. सलाईन लागू पडेल म्हणायला निदान १० टक्के वाढ हवी होती.

सलाईन थांबवून नॉरअ‍ॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध) वाढवलं.

बाहेर भाऊ उभा होता. “डॉक्टरांनू, सलायन कित्याक बंद?” म्हटलं, मळा तुडुंब असताना पाट सोडून उपयोग काय? “बांधच फुटतलो,” तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत बीपी सुधारलं, लघवी मात्र नाही. डायलिसिससाठी गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं ठरलं. रेफरल चिठ्ठीवर सीव्हीपी लिहिलंच नाही. ‘पाय उचलून व्हीटीआय वाढत नाही, फ्लुइड जपून’ एवढं मोठ्या अक्षरात लिहिलं.