ज्योत नसलेल्या शेगडीची सवय

जवळजवळ वीस वर्षे मी ज्योतीवर स्वयंपाक केला आणि त्या काळात शेगडी सुरू आहे की बंद, याचा मला कधी वेगळा विचार करावा लागला नाही. निळी ज्योत दिसली की सुरू, नाही दिसली की बंद. दोन वर्षांपूर्वी आम्ही घर बदलले, नव्या घरात गॅसची सोय नव्हती, म्हणून वर काचेचा पृष्ठभाग, त्यावर चार शेगड्या आणि खाली ओव्हन अशी इलेक्ट्रिक रेंज घेतली. घरात तेव्हा पाच वर्षांचा मुलगा होता आणि दृष्टी थोडी अधू झालेल्या सासूबाई होत्या, त्यामुळे ही वस्तू नीट समजून घेऊनच वापरायची असे मी ठरवले होते. तरीही बऱ्याच गोष्टी चुकांमधूनच कळल्या.

पहिला प्रश्न विजेचा होता. रेंजच्या मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट आणि ९.२ किलोवॅट असे लिहिलेले होते, म्हणजे चारही शेगड्या आणि ओव्हन एकदम पूर्ण क्षमतेने चालवले तर ४० अँपिअर विद्युतप्रवाह लागणार. स्वयंपाकघरातला मोठा, १६ अँपिअरचा सॉकेट फार तर ३.७ किलोवॅट देऊ शकतो. इलेक्ट्रिशियनने हे गणित माझ्यासमोर कागदावर मांडले आणि स्पष्ट सांगितले की या यंत्राला एक्स्टेंशन बोर्ड तर नाहीच, पण भिंतीतली जुनी वायरसुद्धा चालणार नाही. मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन, तिला स्वतःचा एमसीबी, पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढे झाल्याशिवाय त्यांनी रेंजला हात लावला नाही. दोन्ही आपोआप पुरवठा तोडणारे स्विचच, पण एमसीबी वायरला जादा लोडपासून वाचवतो, तर आरसीसीबी वीज नको त्या वाटेने, म्हणजे यंत्राच्या धातूच्या अंगातून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जाऊ लागली की क्षणात पुरवठा तोडतो. एकाचे काम दुसरा करत नाही. मला आधी हे दोन्ही सारखेच वाटत होते.

रेंज बंद करण्याचा मोठा स्विच कुठे बसवायचा, यावर आमची थोडी चर्चा झाली. मला तो रेंजच्या अगदी वर, सहज दिसेल असा हवा होता. त्यांनी तो बाजूच्या भिंतीवर, हाताच्या अंतरावर बसवला, कारण आग लागलीच तर पेटत्या भांड्यावरून हात नेऊन स्विच बंद करण्याची वेळ कोणावर येऊ नये. ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

जोडणी झाल्यावर ओव्हन सुरू केला आणि लगेच आरसीसीबी पडला, म्हणजे त्याने पुरवठा तोडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. नवीन यंत्रच सदोष निघाले असे वाटून मी निराश झाले, पण कारण वेगळे होते. ओव्हनच्या एलिमेंटमध्ये, म्हणजे उष्णता देणाऱ्या भागात, मधोमध तापणारी तार असते, बाहेर धातूची नळी असते आणि दोन्हींच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड वीज अडवते आणि उष्णता जाऊ देते, पण हवेतला ओलावाही शोषून घेते. यंत्र बराच काळ पडून राहिले की ओलसर पुडीतून थोडी वीज नळीकडे झिरपते आणि आरसीसीबी नेमका तेवढ्यासाठीच असतो. इलेक्ट्रिशियनने एलिमेंट काढून नेले, वाळवले, इन्सुलेशन मेगर या ते तपासण्याच्या उपकरणावर मोजले आणि आकडा समाधानकारक आल्यावरच परत बसवले. "दोन दिवस आरसीसीबी बाजूला ठेवू, आपोआप सुकेल," असा सल्ला एका परिचिताने दिला होता. तो मानला नाही हे बरे झाले, कारण त्या दोन दिवसांत ओव्हनच्या दाराला ओला हात लावणारी मीच असते.

रेंजच्या खोक्यात लोखंडाची एक लहानशी पट्टी आणि दोन स्क्रू होते. ते जादाचे सामान असावे असे समजून मी ते खणात टाकले होते. वापराची पुस्तिका वाचली तेव्हा कळले की ती पट्टी मागच्या बाजूला भिंतीला किंवा जमिनीला घट्ट बसवायची असते आणि रेंजचा मागचा पाय तिच्यात सरकवायचा असतो. ओव्हनचे दार उघडल्यावर आडवे येते आणि एखादे लहान मूल त्यावर पाय देऊन चढले, तर त्या वजनाने अख्खी रेंज पुढे कलंडू शकते, वर उकळते पातेले असेल तर त्यासह. माझा मुलगा त्या वयात प्रत्येक उघड्या खणाची पायरी करत असे. पट्टी त्याच दिवशी बसवून घेतली आणि नंतर रेंजची मागची कड दोन्ही हातांनी हलकेच पुढे ओढून पाहिली. पाय पट्टीत नीट अडकलेला असेल तर रेंज जेमतेम हलते आणि थांबते. साफसफाईसाठी रेंज पुढे ओढली की हा पाय पट्टीतून निघतो, म्हणून परत ढकलल्यावर मी ही परीक्षा प्रत्येक वेळी घेते.

आता त्या न दिसणाऱ्या उष्णतेविषयी. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दूध उतू गेले, मी शेगडी बंद केली, पातेले बाजूला ठेवले आणि सवयीने ओल्या फडक्याने काच पुसायला गेले. काच पूर्ण काळी होती, कुठेही लाली नव्हती. फडके टेकताच चर्र आवाज झाला, कापडातून वाफ वर आली आणि बोटांना चटका बसला तो काचेचा कमी आणि त्या वाफेचा जास्त. ओले कापड उष्णता कोरड्या कापडापेक्षा कितीतरी लवकर हातापर्यंत पोहोचवते, शिवाय त्यातल्या पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते. सासूबाई बर्फ घेऊन धावत आल्या. पण बर्फाने भाजलेल्या त्वचेला आणखी इजा होऊ शकते हे मी वाचलेले होते, म्हणून त्यांना थांबवून बोटातली अंगठी आधी काढली आणि नळाच्या साध्या गार पाण्याच्या धारेखाली हात २० मिनिटे धरला. वीस मिनिटे हा फार मोठा वेळ वाटतो. दोन-तीन मिनिटांत आग शमल्यासारखी वाटते आणि हात काढावासा वाटतो, पण त्वचेच्या आतल्या थरांतली उष्णता तेव्हा निघालेली नसते. तूप, टूथपेस्ट असे काहीही लावले नाही आणि फोड फोडला नाही, त्यामुळे दहा-बारा दिवसांत बोटे पूर्ववत झाली.

त्या दिवशी मी स्वतःला विचारले की काच काळी दिसत असताना इतकी तापलेली कशी असेल. उत्तर जुनेच आहे. जॉन विल्यम ड्रेपर या शास्त्रज्ञाने १८४७ साली दाखवून दिले की घन पदार्थ साधारण ५२५ अंश सेल्सिअसला पोहोचले की डोळ्यांना अंधुक लाल दिसू लागतात. त्याच्या खाली ते थंड असताना ज्या रंगाचे दिसतात त्याच रंगाचे दिसत राहतात. म्हणजे ४०० अंशांचे कॉइल काळेच असते आणि ३०० अंशांची काचही काळीच असते. लाली हा केवळ अति तापल्याचा पुरावा आहे, आणि लाली नाही म्हणजे गार आहे असे मुळीच नाही. त्यातून काचेखालचे एलिमेंट तापमान राखण्यासाठी स्वतःहून बंद-सुरू होत राहते, त्यामुळे शेगडी सुरू असतानाही मधूनमधून लाली जाते आणि पाहणाऱ्याला ती बंद झाल्यासारखी वाटते.

म्हणून मी डोळ्यांऐवजी काचेच्या कडेच्या लहान तांबड्या दिव्यावर विसंबायला शिकले. शेगडी बंद केल्यावरही काच हात लावण्याजोगी होईपर्यंत हा दिवा जळत राहतो आणि आमच्या रेंजवर मोठ्या शेगडीनंतर त्याला अर्धा तास सहज लागतो. मुलाला मी "शेगडीला हात लावू नको" एवढेच न सांगता तो दिवा दाखवला आणि दिवा असो वा नसो, रेंजपासून साधारण एक मीटर अंतरावर जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवून ती त्याची सीमा ठरवली. सासूबाईंना तो दिवा नीट दिसत नसे. त्यांच्यासाठी वेगळा मार्ग काढावा लागला: सुरुवातीला स्वयंपाक संपताच मी मोठा स्विच बंद करत असे, आणि काच गार होईपर्यंत तापलेल्या शेगडीवर रिकामे पातेले उलटे न ठेवता, पाणी भरून ठेवते. पातेले दिसले की ती शेगडी गरम आहे, एवढी खूण त्यांना पुरते. मोठा स्विच बंद केल्यावर दिवाही विझतो हे मात्र मी लगेच ओळखले आणि त्यानंतर दिवा आपोआप गेल्यावरच स्विच बंद करण्याचा क्रम ठेवला.

चार बटणे एका ओळीत आणि शेगड्या चौकोनात, ही रचना मला अजूनही खटकते. मागची शेगडी लावायची असताना पुढची लागणे अनेकदा घडले आणि एकदा पुढच्या शेगडीवर ठेवलेला प्लास्टिकचा झारा काचेवर वितळला. त्यानंतर काचेवर काहीही ठेवायचे नाही असा नियम केला. रेंजचा वापर ओट्यासारखा करण्याचा मोह होतो, कारण पृष्ठभाग सपाट आणि स्वच्छ असतो, पण तो टाळलाच पाहिजे. रिकाम्या ओव्हनमध्ये भांडी ठेवणेही मी सोडून दिले, कारण कोणीतरी ओव्हन लावण्यापूर्वी आत पाहील याची खात्री कोण देणार?

सर्वांत जास्त भीती मला तेलाची वाटली आणि ती योग्यच होती. एका संध्याकाळी कढईत तेल तापत ठेवून मी दारावर आलेल्या माणसाशी बोलायला गेले. चार मिनिटे झाली असतील. परत आले तेव्हा तेलावर पातळ निळसर धूर होता. मी बटण बंद केले आणि सुटकेचा श्वास घेतला, पण धूर कमी होण्याऐवजी दाट होऊ लागला. ज्योत विझवली की उष्णतेचा पुरवठा त्याच क्षणी थांबतो, पण इथे काच आणि एलिमेंट यांत साठलेली उष्णता तेलात जातच राहते. बहुतेक खाद्यतेले २०० ते २५० अंशांच्या दरम्यान धूर सोडू लागतात आणि आणखी तापत राहिली तर ३५० अंशांच्या पुढेमागे कोणत्याही ठिणगीशिवाय पेटतात. धूर हा तेलाने दिलेला शेवटचा इशारा असतो. ज्वाळा अजून नव्हती, म्हणून मी जाड, कोरडे हातमोजे घालून कढई हळूच बाजूच्या गार शेगडीवर सरकवली आणि वर झाकण ठेवले.

तेल पेटलेलेच असते तर कढई हलवायची नाही, हे मी घरात प्रत्येकाला सांगितले आहे. शक्य असेल तर शेगडी बंद करायची, झाकण कडेने सरकवत तोंड पूर्ण झाकायचे आणि तेल गार होईपर्यंत ते उचलायचे नाही, कारण हवा मिळताच तापलेले तेल पुन्हा पेटते. झाकणाजवळ पोहोचता येत नसेल, तर सर्वांनी बाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवायचे. पाणी कधीही ओतायचे नाही. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते, तिथे क्षणात वाफ होऊन सुमारे १७०० पट फुगते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते. तेव्हापासून कढईच्या मापाचे धातूचे झाकण रेंजच्या शेजारी, कायम एकाच जागी असते आणि तेल तापत असताना मी स्वयंपाकघर सोडत नाही. सोडावेच लागले तर आधी शेगडी बंद करते. ओव्हनमध्ये काही पेटले तर दार उघडायचे नाही, ओव्हन बंद करायचा, एवढेच.

साफसफाईत एक अपवाद शिकले. बाकी सर्व सांडलवंड काच गार झाल्यावर पुसायची, पण साखरेचा पाक मात्र तसाच सोडला तर थंड होताना काचेला इतका घट्ट धरतो की निघताना काचेचे कपचे काढतो. तो काच कोमट असतानाच, लांब दांड्याच्या पात्याने, हातमोजा घालून खरवडावा लागतो. आणि काचेला तडा दिसला तर रेंज वापरायचीच नाही. मोठा स्विच बंद करून काच बदलून घ्यायची, कारण त्या फटीतून गेलेले पाणी थेट विजेच्या भागांपर्यंत पोहोचते.

वर्ष झाल्यावर मी इलेक्ट्रिशियनला पुन्हा बोलावले, खरे तर काहीही बिघडलेले नसताना. त्यांनी पुरवठा बंद करून, टेस्टरने खात्री करून मागचे झाकण उघडले. वायर जोडण्याच्या तीन टर्मिनलपैकी एकावरचा स्क्रू किंचित सैल झाला होता आणि त्या वायरचे इन्सुलेशन अर्ध्या इंचापर्यंत तपकिरी पडले होते. धातू रोज तापतो, प्रसरण पावतो, पुन्हा गार होतो, त्यात स्क्रू सैल होतो, सैल सांध्याचा विजेला होणारा विरोध वाढतो आणि त्यामुळे तो आणखी तापतो. बाहेरून काहीच दिसत नव्हते, वासही नव्हता. त्यांनी खराब तुकडा कापून नवे टोक काढले, स्क्रू आवळला आणि दुसरे दोनही तपासले. त्या दिवसाची तारीख मी बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे, आणि तिच्याखाली पुढच्या तपासणीची.