बाहेरचा शॉवर

मे 2024. व्हिक्टोरिया डेचा लाँग वीकेंड तोंडावर आला होता. कॅनडातल्या कॅलगरीत कॅम्पिंगचा हंगाम तिथूनच सुरू होतो, त्यामुळे हिवाळाभर उघड्यावर उभे असलेले ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची छोटी घरं, आमच्या वर्कशॉपबाहेर रांगेत लागले होते. बुधवारी सकाळी एक निवृत्त आजोबा त्यांचा ट्रेलर घेऊन आले. ऑक्टोबरमध्ये तो हिवाळ्यासाठी मीच तयार करून दिला होता.

टाकीत पाणी भरलं, पंप लावला. नळ बंद असले की पाइपात दाब भरतो आणि पंप आपोआप थांबतो. हा थांबेना. आजोबांनी आत जाऊन सगळे नळ पुन्हा घट्ट केले. तरी घरघर चालूच. मग पलंगाखालच्या कप्प्यातून पाणी ओघळलं. फळी काढली तर बाहेरच्या शॉवरचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह उभा तडकलेला.

बघताक्षणी कळलं. पाणी काढून टाकलं की पंपाने गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रव, ओढून घ्यायचं आणि एकेक नळ उघडून ते बाहेर येताना डोळ्यांनी बघायचं, गरम पाण्याचा आणि थंड पाण्याचा वेगवेगळा. स्वयंपाकघर, बेसिन, संडास सगळं मी केलं होतं. बाहेरच्या भिंतीतल्या छोट्या झाकणामागचा शॉवर राहिला. तिथे चार चमचे पाणी अडकलं असेल. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, एवढं पुरतं. त्या जानेवारीत पारा उणे 30च्याही खाली गेला होता. 13 तारखेला वीज जपून वापरा म्हणून आमच्या अल्बर्टा प्रांतभर सगळ्यांच्या फोनवर सरकारी इशारा वाजला होता.

मला जास्त लागलं ते हे की आजोबांनी त्यांच्याकडचं सगळं चोख केलं होतं. बॅटरी काढून तळघरात ठेवली होती, कारण उतरलेली बॅटरी थंडीत गोठते आणि फुटते. फ्रिजचं दार किलकिलं ठेवलं होतं. उंदीर शिरू नयेत म्हणून पाइपांच्या भोकांत स्टीलच्या काथ्याचे बोळे कोंबले होते. निळी ताडपत्री कसून बांधतात ती मला मुळीच पटत नाही. आत दमट हवा कोंडते आणि वाऱ्यात कडा छताला घासतात. त्यांनी ती टाळली होती. इथे शिनूकचा गरम वारा सुटला की काही तासांत बर्फ वितळतो, पाणी छताच्या सांध्यांत शिरतं आणि थंडी परतली की तिथेच गोठतं. म्हणून ते दर वेळी शिडी लावून छतावरचा बर्फ झाडायचे. चाकं फळ्यांवर चढवली होती, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला वडील आठवले. शिरोळला उसाचा हंगाम संपला की पावसाआधी तेही ट्रॉलीची चाकं दगडांवर घेत.

मी त्यांना तिथेच सांगितलं, “चूक माझी आहे. हा शॉवर मी विसरलो.” ते थोडा वेळ ओल्या फळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “शुक्रवारी नातवंडं येणार आहेत.”

व्हॉल्व्ह बदलायला तासभर लागला. थंडी अडवायला भिंतीत भरलेला कापूस ओला झाला होता, तो काढून पंखा लावला तो गुरुवार संध्याकाळपर्यंत चालू होता. वर्कशॉपच्या मालकांनी एक पैसा घेतला नाही. शुक्रवारी सकाळी ट्रेलर गेला.

ऑक्टोबरमध्ये आजोबा पुन्हा आले. मी त्यांना हाक मारून बाहेरच्या बाजूला बोलावलं, झाकण उघडलं आणि आधी लाल, मग निळी चावी फिरवली. दोन्हींतून गुलाबी धार आली, ती त्यांनी वाकून बघितली.