आधी खिळा, मग सजावट

आमच्या हॉलमधलं घड्याळ सोफ्याच्या मध्यावर नाही. डावीकडे वीतभर सरकलेलं आहे, शिवाय जरा जास्तच उंच. पहिल्यांदा घरी आलेला माणूस एकदा घड्याळाकडे बघतो, एकदा सोफ्याकडे बघतो आणि मुकाट्याने चहा पितो. घड्याळ तिथे असण्यामागे सौंदर्यदृष्टी वगैरे काही नाही. तिथे खिळा होता.

माझं तर ठाम मत झालंय की मराठी मध्यमवर्गीय घराची सजावट ना पडद्यांवरून ठरते, ना रंगांवरून, ना घरातल्या बाईच्या आवडीवरून. आधीच्या मालकाने, भाडेकरूने किंवा सासऱ्यांनी कधीकाळी ठोकून ठेवलेले खिळे ती ठरवतात. खिळा आधी असतो, त्यावर काय टांगायचं याचा शोध मागाहून सुरू होतो. आणि रिकामा खिळा आपल्याकडे कुणाला बघवत नाही. त्यावर आधी कापडी पिशवी येते, मग छत्री, मग वास्तुशांतीला आलेल्या सात-आठ गणपतींपैकी एक. वर्षभराने तो गणपती जणू वास्तुतज्ज्ञाला विचारून लावल्यासारखा तिथे शोभायला लागतो.

जुन्या वाड्यांत ही भानगड नव्हती. भिंत उभी राहतानाच गवंडी तीत लाकडी खुंट्या बसवायचा, कोनाडे सोडायचा, दिव्यासाठी दिवळी ठेवायचा. फडताळसुद्धा भिंतीच्या पोटात. पगडी कुठे, कंदील कुठे, हे माणसं राहायला येण्याआधीच ठरलेलं असे आणि हात-दीड हात जाडीच्या त्या भिंतीशी नंतर कुणी वाद घालत नसे. मग 1894 मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पण तोवर त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचायला लागल्या होत्या. छापील देव आले, त्यांच्यामागे काचेच्या चौकटी आल्या आणि चौकटींमागे खिळे.

या तसबिरी लावायची एक ठरलेली रीत होती. पार वर, आढ्याशी सलगी करतील इतक्या उंच. खाली दोन खिळ्यांवर टेकवायच्या, वरून दोरीने बांधायच्या आणि पुढे चांगल्या झुकवायच्या, म्हणजे पाटावर बसलेल्यालाही देवाचं तोंड दिसावं. त्यामुळे तसबीर आणि भिंत यांच्यामध्ये एक तिरकी फट तयार होई, आणि ती चिमण्यांना घरट्यासाठी फारच पसंत पडे. माझ्या आजोळी लक्ष्मीच्या मागून दिवसभर काड्या, पिसं, सुतळीचे तुकडे पडत असायचे. आजी ‘मेल्यांनो’ म्हणत पुन्हापुन्हा केर काढायची. पण तसबीर भिंतीला सपाट लावावी, असं कुणी सुचवल्याचं आठवत नाही. सुचवलं असतं तर त्यालाच केर काढायला लावला असता.

आता भिंतीच बदलल्या. फ्लॅट घेताना आपण कार्पेट किती ते विचारतो, पाणी किती वेळ येतं ते विचारतो, पार्किंगवरून बिल्डरशी भांडतो. भिंत कशाची आहे हे कुणी विचारत नाही. जन्माची गाठ मात्र तिच्याशीच पडते. आतल्या चार इंची विटांच्या भिंतीत खिळा सुरुवातीला गोडीगुलाबीने शिरतो, आणि दोन विटांमधल्या सांध्यात गेला की ढिला पडून मान टाकतो. मध्येच आरसीसीचा कॉलम लागला, तर आत जायचं नाव घेत नाही. ठिणगी उडवतो, वाकतो आणि येताना प्लॅस्टरचा बशीएवढा टवका घेऊन येतो. सिपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकची तऱ्हा उलटी. खिळा इतक्या सहज जातो की आपल्यालाच शंका यावी, आणि ती खरी ठरते. महिन्याभरात फ्रेमसकट बाहेर. नव्या टॉवरांमध्ये तर मायवान पद्धतीने भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात. तिथे हातोडीचा उपयोग खंडेनवमीला हळदकुंकू वाहण्यापुरता.

यावरचा तोडगा शंभर वर्षांपूर्वीच निघालेला आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेची फिटिंग्ज बसवायची होती. तेव्हा जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदाराने 1911 च्या सुमारास तागाच्या दोऱ्यापासून एक पोकळ बूच बनवलं. भोकात ते बसवायचं आणि त्यात स्क्रू पिळायचा. स्क्रू आत जाईल तसं बूच फुगतं आणि भोकाच्या कडा आवळून धरतं. 1958 मध्ये जर्मनीत आर्टुर फिशर यांनी नायलॉनचं बूच आणलं. एवढा मोठा इतिहास आमचा हार्डवेअरवाला ‘गिट्टी’ या नावाने वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून देतो. नियम अगदी साधा: सहाची गिट्टी तर भोक पाडायचं ड्रिलचं बिटही सहाचं. पण घरात नेमकं आठचं बिट असतं. मग भोकात गिट्टी गरागरा फिरायला लागते आणि तिच्या बाजूने आगपेटीच्या काड्या खुपसण्याचा आपला राष्ट्रीय उपाय सुरू होतो. गुलाच्या बाजूने की उलट्या बाजूने, यावरही घरात दोन मतं असतात.

मुख्य म्हणजे त्यासाठी ड्रिल मशीन लागतं. प्रत्येक सोसायटीत ते एका माणसाकडे असतंच. आमच्याकडे ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आहे. काका मशीन उसनं देत नाहीत, मशीनबरोबर स्वतः येतात. एका हातात निळी पेटी, दुसऱ्या हातात एक्स्टेन्शन बोर्ड, कानावर पेन्सिल. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, पण पेटी उघडताना चेहरा शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनचा असतो तसा.

घरातली निदान एक वस्तू तरी मध्यावर असावी असा माझा आग्रह होता, म्हणून बेसिनवर नवा आरसा लावायचा ठरला. काकांनी टेप लावून मध्य काढला. टाइलवर बिट घसरू नये म्हणून सेलोटेपची फुली चिकटवली आणि तिच्यावर पेन्सिलीने टिंब काढलं. ‘टाइल आहे तोवर मशीनचा हॅमर, म्हणजे ठोके मारणं, बंद ठेवायचा रे, नाहीतर तडकते,’ हे ज्ञान त्यांनी स्टूल धरून उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला दिलं. पहिलं भोक देखणं झालं. दुसऱ्या भोकात आधी टाइलची पांढरी भुकटी आली, मग सिमेंटची करडी, मग विटेची तांबूस. काकांनी ‘आता पोचलो’ म्हटलं आणि त्याच क्षणी मशीनचा आवाज बदलला. बिट बाहेर काढलं, तर मागोमाग तांबड्या गाळाचा एक बारीक ओघळ आला. तो हळूहळू स्वच्छ झाला, आणि मग सरळ आमच्या टॉवेलांवर धार.

काकांनी भोकावर अंगठा दाबला. पुढचा बराच वेळ ते स्टुलावर उभे राहून तसेच अंगठा दाबून होते आणि खाली आमची पळापळ चालली होती. आमच्या घरातला व्हॉल्व्ह फिरवला तर तो नुसताच गोल फिरला. गच्चीवरचा बंद करायचा तर गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी दादरला लग्नाला. सासूबाई दारात उभ्या राहून काकांना अधूनमधून ‘भावजी, चहा घेणार का?’ विचारत होत्या. शेवटी वॉचमनने कुठूनतरी दुसरी किल्ली पैदा केली. अख्ख्या विंगचं पाणी बंद झालं आणि आमचा इंटरकॉम वाजायला लागला.

काकांची बाजू घ्यायलाच हवी. लपवलेला पाइप सहसा नळाच्या सरळ वर नाहीतर सरळ आडवा जातो, तसंच स्विचबोर्डच्या डोक्यावर वायर असते, म्हणून त्या रेषा सोडून भोक पाडायचं. ते सगळं त्यांनी पाळलं होतं. पण आमची गीझरची लाइन नळ सोडून चांगली हातभर बाजूने वर गेली आहे. का, ते तो मूळचा प्लंबरच जाणे. नवा प्लंबर आला, त्याने टाइल फोडून पाइपचा तुकडा बदलला, आणि ‘ही टाइल आता येत नाही’ हे वाक्य टाकून जवळपासच्या रंगाची टाइल लावून गेला. जवळपास म्हणजे आमची फिकट निळी आणि ही मोरपंखी. ती झाकायला मग दुप्पट मोठा आरसा आणावा लागला. तो मध्यावर लावला तर मोरपंखी कोपरा दिसतो, म्हणून उजवीकडे सरकवला. दात घासताना आता मला मी अर्धी दिसते.

माझी भाची बाणेरला भाड्याने राहते. तिच्या 11 महिन्यांच्या करारात ‘भिंतींना खिळे ठोकणार नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तिची पिढी चिकट हुक लावते. पावसाळा आला, भिंतीला ओल धरली की मध्यरात्री धप्पकन आवाज होतो. हुक एकटा पडत नाही, पोळीला पापुद्रा सुटावा तसा रंगाचा पापुद्रा पाठीला घेऊन पडतो. घर सोडताना असे सगळे खड्डे तिने म्हणे पांढऱ्या टूथपेस्टने बुजवले. डिपॉझिट पूर्ण परत मिळालं. मालकाने भिंतीला नाक लावलं असतं, तर पुदिन्याचा वास आला असता.

तरीही तिचं घर आमच्यापेक्षा देखणं आहे. तिने आजीच्या पितळी पानाच्या डब्यात कानातली ठेवली आहेत. जीर्ण पैठणीचे काठ सोडवून उशांच्या अभ्र्यांना लावले आहेत. आणि हॉलच्या कोपऱ्यात आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब चिंचेने लख्ख घासून ठेवलाय, त्याच्या तोंडातून मनीप्लँट बाहेर आलाय. सासूबाई तो बंब बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, पण आंघोळीला पाणी येतं ना इथे?’ मला विचाराल तर बंब ही सजावटीची उत्तम वस्तू आहे. जमिनीवर बसतो, कुणाला भोक पाडायला लावत नाही.

यंदा दिवाळीआधी आम्ही घराला रंग काढला. रंगारी पक्कड घेऊन खोलीखोलीतून फिरला आणि म्हणाला, नको असलेले खिळे दाखवा, काढून पुट्टी भरतो. तेव्हा कळलं की नको असलेला खिळा आमच्या घरात नाही. स्वयंपाकघरातला कालनिर्णयचा, त्याच्याबद्दल बोलायचीच सोय नव्हती. जयंत साळगावकरांनी ते कॅलेंडर 1973 मध्ये काढलं, आणि सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे ते तेव्हापासून त्यांच्या भिंतीवर आहे. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, एकादशी आणि माझ्या माहेरी जाण्याच्या नोंदी त्यावरच होतात. घड्याळाचा खिळा नवऱ्याने सोडवून घेतला, कारण तो त्याच्या बाबांनी ठोकलेला. मुलाने मेडलचा वाचवला. पॅसेजमधला एक खिळा कशासाठी आहे ते कुणालाच सांगता येईना, तरी सासूबाई म्हणाल्या, ‘राहू दे, गौरी-गणपतीत माळ सोडायला होतो.’ मी त्याचं टोक नखाने खरवडून पाहिलं. वरच्या क्रीमखाली पिस्ता निघाला, पिस्त्याखाली गुलाबी, त्याच्याखाली चुन्यात घातलेल्या निळीचा निळसर पांढरा.

‘मॅडम, मागच्या वेळीसुद्धा मी यावरूनच ब्रश मारला होता,’ रंगारी म्हणाला आणि त्याने पक्कड खिशात घातली.

अख्ख्या घरातून एकच खिळा निघाला, दारामागचा. त्याला काही लावलेलं नव्हतं, गंजलाही होता. पुट्टी भरली, घासली, वर दोन हात रंग बसला, खिळा होता याची खूणही उरली नाही. संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला. फोनवर बोलत बोलत त्याने दार लोटलं आणि हात मागे नेऊन स्कूटरची किल्ली भिंतीला टांगली. ती खळ्‌कन खाली पडली.

आतून सासूबाईंचा आवाज आला, ‘तरी मी सांगत होते!’