जनता वसाहतीच्या गल्ल्यांतून पर्वती, आणि पुढे तळजाई

पुण्यात पाहुणे आले की पर्वती दाखवायची रीत ठरलेली आहे. पुढच्या बाजूनं 103 पायऱ्या चढायच्या, देवदेवेश्वराचं दर्शन घ्यायचं, कठड्याला टेकून शहर बघायचं आणि खाली उतरून सारसबागेत भेळ खायची. मी नाशिकची. माझीही पर्वती आजवर अशीच झाली होती. यंदा श्रावण सरताना पुण्यात मुक्काम होता, तेव्हा मामेबहीण म्हणाली, "पायऱ्या राहू देत. दांडेकर पुलाशी ये, आपण वस्तीतून वर जाऊ." ती तिथल्या जवळच्याच एका शाळेत शिकवते, वर्गातली कितीतरी मुलं पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहत या वस्तीतली. त्यामुळे वाट तिच्या पायाखालची होती.

रविवारी सकाळी सातला निघालो. पहिल्यांदा लागला कालवा. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यानं जातो आणि पुढे हडपसर, दौंड, इंदापूरकडची शेती भिजवतो. पावसाळ्यात तो तुडुंब, मातकट पाण्यानं भरलेला. 27 सप्टेंबर 2018 ला याच भागात कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसलं. आता मात्र अंगणात खेळावं इतक्या सहज पोरं त्या काठानं पळत होती. बहिणीनं एक भिंत दाखवली आणि पाणी कुठवर आलं होतं ते हातानं सांगितलं. तिच्या खांद्याच्या वर. त्या दिवशी लोकांची धान्यं, कपाटं, मुलांची दप्तरं, रेशनकार्डं सगळं एका तासात गेलं. सगळ्यात जास्त धावपळ नंतर कागदपत्रं परत काढायला करावी लागली, असं ती म्हणाली. ते खरंच असणार. घर पुन्हा उभं करता येतं, पण तुम्ही इथे राहता याचा पुरावा वाहून गेला की कुठल्या खिडकीत उभं राहायचं हेच कळत नाही.

कालवा ओलांडला की चढ सुरू. जनता वसाहतीत पत्ता गल्लीच्या नंबरावर चालतो. टेकडीच्या उतारावर एकावर एक चढत गेलेल्या गल्ल्या, कुठे फरशी, कुठे सिमेंटच्या उंच-सखल पायऱ्या. नळाचे पाइप पायऱ्यांच्या कडेनं वर गेलेले, दर चार पावलांवर एखादा आडवा, तो ओलांडून पाय टाकायचा. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं कुणाच्या तरी ओट्यावर चढून वाट द्यायची. ओट्यावरची बाई पाणी मारून नुकतीच रांगोळी काढून बसलेली असते, तरी "या की, पाय द्या कडेला" म्हणते.

एका वळणावर आम्ही बराच वेळ थांबलो, कारण वरून रिकामी सिलिंडर उतरत होती आणि खालून भरलेलं एक चढत होतं. वाहणाऱ्या माणसानं खांद्यावर गोणपाटाची घडी ठेवली होती. सिलिंडर त्यावर आडवं, एक हात वर, दुसरा हात भिंतीला. प्रत्येक पायरीवर आधी टाच टेकवायची, मग वजन टाकायचं. भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतं. चढ संपल्यावर त्यानं ते एका दारात अलगद, आवाज न करता ठेवलं, कारण आत बाळ झोपलं होतं. घरातल्या बाईनं बोटानं खूण केली, त्यानं मान हलवली. मी सह्याद्रीत बरीच भटकते. पाठीवरची सॅक घेऊन गड चढला की आपल्याला फार केल्यासारखं वाटतं. ही चढण इथे रोजच्या कामाचा भाग आहे.

पाण्याचंही तेच. खालच्या गल्ल्यांत नळाला जोर असतो, वर जावं तसा कमी होतो. वरच्या गल्लीत हंडे-कळश्यांची रांग लागली होती आणि तिथेच एका आजींनी आम्हाला बसवून घेतलं. बहीण त्यांच्या नातीची बाई, म्हणून चहा घेतल्याशिवाय सुटका नव्हती. आजी करमाळ्याकडच्या. "बहात्तरच्या दुष्काळात आलो. खडी फोडायला जायचो आधी, मग हितं आलो. तवा ह्यो सगळा माळ हुता, बाळा. दगड उचलून जागा केली." आधी बांधकामावर बिगारी, मग चार घरची धुणी-भांडी. पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 साली संप केला, पगारासाठी आणि सुट्टीसाठी, तो आजींना चांगला आठवतो. "घरोघरच्या बाया रस्त्यावर बसल्या. मालकिणींनी भांडी घासली तवा." हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता आणि शेजारच्या दारातून सुनाही ऐकायला आल्या.

त्यांच्या घरातली एक सून कचरावेचक. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून आहे आणि तिच्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था शहरभर घरोघरचा ओला-सुका कचरा गोळा करते. ती सून पहाटेच कामावर गेली होती, हिरवा कोट घालून. आपण सोसायटीच्या दारात डबा ठेवून आत येतो, तो उचलणारं माणूस कुठून येतं हे मला त्या सकाळी कळलं. पुनर्वसनाच्या इमारतींचा विषय निघाला तेव्हा आजी सावध झाल्या. पक्कं घर हवंच आहे, पण दहाव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर ओटा कुठून आणायचा, असा त्यांचा प्रश्न. मला तो अगदी रास्त वाटला. इथल्या घराचं निम्मं आयुष्य ओट्यावर चालतं.

गल्ल्यांत गणपतीच्या मंडपाचे बांबू येऊन पडले होते. एका कोपऱ्यावर मरीआईचं छोटं देऊळ, शेंदूर नुकताच लावलेला. थोडं वर बुद्धविहार, दारावर निळा झेंडा, आत बाबासाहेबांचा फोटो आणि अभ्यासाला बसलेली चार मुलं. रविवारी घरात जागा नसते, म्हणून परीक्षेची पोरं इथे बसतात, असं बहीण म्हणाली.

घरं संपली आणि आम्ही पर्वतीच्या खांद्यावर आलो. पेशव्यांच्या देवळाकडे मी असं कडेनं, मागून कधी आलेच नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये देवदेवेश्वराचं मंदिर बांधलं. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांचा मृत्यूही इथेच झाला, 23 जून 1761 ला. पुढे 5 नोव्हेंबर 1817 ला दुसऱ्या बाजीरावानं खडकीची लढाई याच टेकडीवरून पाहिली. हे सगळं आपण शाळेत शिकतो.

जे शिकवलं जात नाही ते मला सांगायचं आहे. 13 ऑक्टोबर 1929 ला पुण्यातल्या अस्पृश्य समाजानं या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू केला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज हे पुढारी, आणि सोबत एस. एम. जोशींसारखे तरुण. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, राजभोज जखमी झाले. मी काळाराम मंदिराच्या गावातली. तिथल्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाची, 2 मार्च 1930 ची तारीख आमच्याकडे घराघरात माहीत आहे. पण तिच्या काही महिने आधी पर्वतीच्या पायऱ्यांवर माणसं दगड खात उभी होती, हे मला पर्वतीला घेऊन जाणाऱ्या कुणी कधी सांगितलं नव्हतं. बुद्धविहारातून दहा मिनिटांत त्या पायऱ्यांशी पोचल्यावर ही गोष्ट पुस्तकातली राहत नाही. श्रावणामुळे मंदिरात गर्दी होती. बेलाची पानं घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायकांत आमच्यामागून वस्तीतल्याच तिघी-चौघी आल्या होत्या, आणि बहिणीला ओळखून "बाई, आज शाळा नाही का" म्हणून हसत होत्या.

पर्वतीवरून नैऋत्येला सिंहगड दिसतो, मनोऱ्यासकट. ढग होते, तरी मधूनच दिसला. पुढची वाट दक्षिणेकडे, पर्वती-पाचगाव वनक्षेत्रातून तळजाईच्या टेकडीला. पायाखाली काळा बसाल्ट, त्यावर पावसाळी शेवाळ, कडेला गुडघाभर गवत. वनखात्यानं लावलेल्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांची दाटी फार आहे आणि तिच्याखाली दुसरं काही नीट वाढत नाही, याचं वाईट वाटतं. जिथे ती नाही तिथे हिवर, बोरी आणि रानफुलं टिकून आहेत. मोराचा आवाज सारखा येत होता, एक लांडोर पिलांसह वाट ओलांडून गेली. चढउतार सोपा आहे, पण पावसात चांगल्या पकडीचे बूट घालाच.

तळजाईला रविवारी जत्राच असते. फिरायला आलेली कुटुंबं, व्यायाम करणारी पोरं, देवीच्या दर्शनाला आलेली माणसं. पोहे, उसाचा रस, ताजी भाजी विकणाऱ्यांतल्या काही जणींना बहीण नावानं हाक मारत होती. त्या वस्तीतूनच पहाटे माल घेऊन येतात. एका मावशींकडे गरम भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मिळाला. दुसरी भाकरी मागितल्यावर त्यांनी न विचारता कांदा फोडून ठेवला. आम्ही तिथे तासभर बसलो.

ही वाट करायची असेल तर वस्तीतल्या ओळखीच्या कुणाला तरी सोबत घ्या, आणि ओळख नसेल तर निदान गल्लीच्या तोंडाशी चहा पिऊन चार शब्द बोला. लोक रस्ता दाखवायला स्वतःहून येतात. घरांचे, आंघोळीच्या पाण्याच्या रांगांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. सकाळी लवकर निघालात तर पाण्याची वेळ असते, तेव्हा हंडे भरणाऱ्यांना आधी वाट द्या. तळजाईहून सहकारनगरकडे उतरलात की बस मिळते, आणि त्याच बसनं स्वारगेट गाठता येतं.