स्लॅब का नाही टाकलात?

गावी कोणीही आलं की मागची नवीन खोली बघतात आणि हमखास विचारतात, अहो एवढा खर्च केलातच तर कौलं काढून स्लॅबच टाकायचा ना, वर दोन रूम निघाल्या असत्या. विचारलंत म्हणून सांगतो. आमचं घर राजापूर तालुक्यात, भिंती जांभ्याच्या खऱ्या पण मातीत बांधलेल्या, कॉलम-बीम काही नाही. इंजिनिअरने बघितल्या बघितल्या सांगितलं, यांच्यावर स्लॅब विसरा. आणि मुळात खोली हवी होती आईसाठी, तिचे गुडघे गेलेत, ती काय जिना चढणार!

मग मागे वाढवायचं. मला वाटलेलं सोपं आहे, छपराचा उतार तसाच पुढे न्यायचा. पण पागोळ्या, म्हणजे छपराची खालची कड, साडेसात फुटांवर, दर २ फुटांना १ फूट उतार, म्हणजे १० फूट पुढे गेलं की उंची उरते अडीच फूट, तिथे काय कोंबड्या पाळायच्या? दुसरा प्लॅन, नवीन छप्पर जुन्याला काटकोनात जोडायचं. त्याला सुतारच नको म्हणाला, दोन छपरं भेटतात तिथे पन्हळ येते, तिच्यात पातेरा, म्हणजे सुका पाला, अडकला की आमच्याकडचा पाऊस थेट माजघरात. शेवटी खोली जुन्या घरापासून ४ फूट अंतर सोडून, स्वतःच्या कौलांची, आणि मधल्या जागेत दोन्ही पागोळ्यांखाली छोटा स्लॅबचा पॅसेज. म्हणजे टाकला की स्लॅब, ४ फुटांचा!

जोतं मात्र जुन्याच्या लेव्हललाच घेतलं. दीड फूट खाली ठेवलं असतं तर खर्च वाचला असता, पण पुढेमागे व्हीलचेअर आली तर १ इंच उंचीला १ फूट लांबी या हिशोबाने १८ फुटांचा रॅम्प कुठे काढणार.

कागदावरचं आईला काही कळेना, म्हणून परड्यात फक्कीने खोली आखली, खुर्ची टाकून तिला आत बसवलं. पाच मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "इथनं विहीर दिसत नाय, कोण आलं गेलं कळायचं कसं?" झालं, पश्चिमेची खिडकी पायाने पुसून उत्तरेला काढली. बरंच झालं, पावसाचे सपकारे पश्चिमेकडूनच येतात. बाथरूमचं दारही तिथेच अडीचचं ३ फूट केलं.

पहिल्या पावसात पॅसेजच्या स्लॅबवर पाणी साचलं, गवंडी उतार द्यायला विसरलेला. दिवाळीनंतर वरून कोबा करून घेतला.